काळ्या कपाटात रंग आणायचाय? मॉल सोडा, म्हापशाचं मॅचिंग सेंटर गाठा

निकाल आधीच सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्या इथूनच सुटतील. पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या कपाटात काळ्याचा ढीग असेल आणि आता जरा रंग यावा असं वाटत असेल तर नवीन ड्रेस घ्यायला जाऊच नका, असलेला काळा ड्रेस पिशवीत घाला आणि गोव्यात म्हापशाच्या बाजारात मॅचिंगवाल्याकडे, म्हणजे ब्लाऊज-अस्तराचं कापड मीटरवर विकणाऱ्याकडे जा. पाचपैकी चार गुण, एक गुण का कापला ते पुढे येईलच.

दुकानाचं नाव विचारू नका, पाटीवर जुन्या मालकाचं नाव आहे ते आता कोणाच्या तोंडात नाही, बाजारात शिरल्यावर "मॅचिंगवालो खंय आसा?" असं कोणालाही विचारलं की हात दाखवतात. कदंब स्टँडवर उतरलात की चालत जाण्यासारखं आहे. तिथे कापडाच्या गल्लीत असली दुकानं दोन-तीन आहेत, मी सांगतेय ते अगदी चिंचोळं, आत आत जात राहतं ते, आणि गल्ल्यावर पांढऱ्या मिशांचे काका बसतात. बाकीची वाईट आहेत असं नाही, पण काका इथे आहेत.

आता माझं काळं कसं जमलं ते थोडक्यात. मी हायर सेकंडरीला केमिस्ट्री शिकवायचे, पर्वरीहून रोज बस, सकाळी कपाट उघडलं की हाताला येईल ते घालायचं, आणि काळ्याला काळं कधी चुकत नाही ना. खडू काळ्यावर सगळ्यात जास्त दिसतो हे खरं, तरी वीसेक वर्षं काळंच घेत गेले, कारण दुकानात प्रत्येक सेल्सगर्ल सांगायची की काळ्यात बारीक दिसता मॅडम. काळे कुडते, काळ्या लेगिंग्ज, काळ्या कॉटनच्या साड्या, एक काळी शिफॉन, काळी शाल सुद्धा, गोव्यात शाल कशाला हा वेगळा प्रश्न. नोकरीत कोणाला काही वाटलं नाही. निवृत्त झाल्यावर मात्र कळायला लागलं की आता आपलं जाणं-येणं सगळं अशा ठिकाणी आहे जिथे काळं चालत नाही. मुंज, साखरपुडा, देवळात अभिषेक, हळदीकुंकू. चवथीला गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली काळं नेसून आरतीला उभी राहिले तर आमच्या पेडण्याच्या घरी मोठ्या वयनी बोलणार नाहीत काही, पण बघतील. आमच्यात काळ्याला मान तो फक्त संक्रांतीला, चंद्रकळा काढायची, तिळगूळ वाटायचा आणि परत घडी घालून ठेवायची. वर शेजारची कातोलिक बाय, त्यांच्यात काळं घालतात दुखवट्याला, तिने एकदा काळजीने विचारलं की कोण गेलं गो तुमच्यात, लागोपाठ दिसतेस काळ्यात.

पण काळं टाकून द्यायचं माझ्या मनात नव्हतं आणि नाही. चांगलं कापड आहे, अंगाला बसलेलं आहे, पैसे गेलेत. आणि मला अचानक पोपटी कुडत्यात फिरायचं नाहीये, काळं आवडतं मला. त्यामुळे प्रश्न असा की काळं काळंच ठेवून रंग कुठे घालायचा.

उत्तर एका ओळीचं आहे, तोंडाजवळ. हे कोणत्या फॅशनवालीचं ज्ञान नाही, उजेडाचा साधा हिशोब आहे. तरुणपणी केस काळे, भुवया काळ्या, त्यामुळे काळा कपडा चेहऱ्याशी जुळून जातो. केस पांढरे झाले, कातडी थोडी सैल झाली, डोळ्याखाली खळगे आले की काळं कापड काय करतं, वरून येणारा उजेड गिळून टाकतं आणि हनुवटीखालची, डोळ्याखालची सावली आहे त्याहून गडद दिसते. फोटोग्राफर लोक माणसाच्या छातीपाशी पांढरा बोर्ड धरतात ना, सुरकुत्या कमी दिसाव्यात म्हणून, आणि चेहरा करारी दाखवायचा असेल तर मुद्दाम काळा बोर्ड लावतात, तो काळा बोर्ड आपण स्वतःच गळ्यात घालून फिरतोय. म्हणून लाल चप्पल आणि पिवळी पर्स घेऊन फारसं काही होत नाही, पावलं छान दिसतात इतकंच. रंग गळ्याशी, खांद्याशी, ब्लाऊजला, ओढणीला पाहिजे. आणि एवढ्या जागेला लागतं किती कापड, अर्धा मीटर, पाऊण मीटर, ब्लाऊजला फार तर एक. मग अख्खा ड्रेस कशाला विकत घ्यायचा. इथेच मॅचिंगवाला कामाचा, कारण गोव्यात रंग मीटरवर मिळतो तो त्याच्याकडे.

दुकान आतून बघितलं नसेल त्यांच्यासाठी. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत कप्पे, एका भिंतीला टू बाय टू रुबियाचे ताके, शेडप्रमाणे लावलेले, पांढरा, मोतिया, बदामी, बिस्कीट असे सुरू होऊन हळदी, गाजरी, शेंदरी, विटकरी, डाळिंबी, अंजिरी, वांगी, मग मोरपिशी, रामा, शेवाळी करत करत शेवटी काळ्यावर संपतात. समोरच्या भिंतीला भारी माल, खण, इकत, कलमकारी, ब्रोकेड, हकोबा, रॉ सिल्क. खाली अस्तर आणि परकराचं कापड, गल्ल्याजवळ लेस, फॉल, पायपिंग, हुक, बटणं, गोंडे. आणि दाराशी कटपीसचा ढीग, त्याबद्दल नंतर बोलते कारण खरी मजा तिथे आहे. रुबिया शंभर-सव्वाशे रुपये मीटरच्या आसपास, खण तीनशेच्या आतबाहेर, भाव पाटीवर नाहीत, पण एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असं काका करत नाहीत, शेजारी उभ्या असलेल्या बाईला सांगितला तोच मला सांगितला.

काकांचा पहिला नियम, तुमचा काळा कपडा आणलाय का. नसेल तर ते रंग दाखवायलाच नाखूश असतात. मला वाटलं काळं ते काळं त्यात काय बघायचं. तर त्यांनी माझी साडी काउंटरवर पसरली आणि तिच्यावर काळ्याच रुबियाचे चार ताके टाकले, आणि चारही वेगळे, एक निळसर, एक हिरवट, एक चक्क तपकिरी, एक तेवढा जुळला. म्हणाले, "वयनी, भायर उजवाडांत व्हरून पळयात," म्हणजे ट्यूबलाईटखाली ठरवू नका, दाराबाहेर उन्हात नेऊन बघा. बाहेर नेलं तर आत जुळलेला तो पण जुळेना. केमिस्ट्रीवालीला हे माहीत असायला हवं, दोन वेगळ्या डायनी केलेला रंग एका दिव्याखाली सारखा दिसतो आणि दुसऱ्याखाली वेगळा. पण दुकानदार स्वतः गिऱ्हाइकाला माल घेऊन बाहेर पाठवतो हे मी तरी आणखी कुठे बघितलं नाही, मॉलमधे दाराशी घंटा वाजेल.

तर या नियमातून निघालेली गोष्ट अशी की काळा निळसर असेल तर त्याला राणी, वांगी, मोरपिशी, थंड रंग बरे दिसतात आणि धुवून धुवून तपकिरीकडे गेलेला काळा असेल तर विटकरी, मोहरी, डाळिंबी, आमसुली. गोव्याच्या उन्हात दोरीवर वाळलेला काळा बहुतेक दुसऱ्या गटात जातोच. उलटं घेतलं, म्हणजे विटलेल्या काळ्याला झगझगीत राणी लावला, तर राणी छान दिसतो आणि काळा जुनाट दिसतो, सगळे विचारतात ब्लाऊज नवीन का.

पहिली खरेदी, काळ्या साध्या कॉटनच्या साडीवर डाळिंबी खणाचा ब्लाऊज. खण म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हिरवी परकर-पोलकी येतात, पण खणाचं काम काळ्याबरोबर जे उठतं ते दुसऱ्या कशाबरोबर नाही, कारण त्याची बारीक बारीक नक्षी लांबून एकच रंग दिसते आणि जवळ आलं की कळते. मूळ खण कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, इरकली साडीचं इलकल त्याच जिल्ह्यातलं. काकांकडे दोन्ही प्रकार असतात, जरा चांगला माल आणि आर्ट सिल्कचा चकचकीत स्वस्त माल, आणि विचारलं तर कुठला कुठला ते सरळ सांगतात. चकचकीत घेऊ नका. आपल्या वयाच्या बायकांना एकदम अंगातून गरम वाफा येतात, घाम फुटतो, म्हापशाच्या मे महिन्यात तो ब्लाऊज अंगाला चिकटला की कार्यक्रम सोडून घरी यावंसं वाटतं. खणाचा पन्हा लहान असतो हे लक्षात ठेवा, कोपरापर्यंत बाही हवी असेल, आणि आपल्याला हवीच असते, दंड काय सांगायचे, तर नेहमीच्या मापाने कापड पुरत नाही. काका स्वतः विचारतात बाही केवढी, आणि मग पाव मीटर जास्त कापतात. अस्तर मऊ कॉटनचं घ्या आणि घरी भिजवून मगच शिंप्याकडे द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आक्रसतं आणि खण फुगून राहतो.

दुसरं काम कुडत्यांचं, आणि माझ्या मते पैसे सगळ्यात जास्त वसूल इथे होतात. काळा साधा कुडता, गळा गोल. कटपीसच्या ढिगात इकतचा तुकडा सापडला, विटकरी आणि मोतिया, जेमतेम अर्धा मीटर. शिंप्याने गळ्याला तीन बोटं रुंद पट्टी लावली आणि बाहीच्या टोकाला तीच, उरलेल्या कापडाची बटणं मढवली. कुडता मुळात साधा होता, आता लोक विचारतात कुठल्या बुटिकचा. किनारपट्टीकडच्या एका बुटिकात असाच काळा लिनन कुडता आणि गळ्याला इकत, भाव बघून मी तो हॅंगर जसाच्या तसा परत लावला. पट्टी मात्र गळ्यालाच पाहिजे, खाली घेराला लावली तर ती बघायला लोकांना वाकावं लागतं. आणि उभा गळा असेल तर आतल्या बाजूला रंग लावायचा, कॉलर जरा उघडी राहिली की दिसतो तेवढाच, ज्यांना रंगाची धास्ती आहे त्यांनी इथून सुरुवात करावी.

कटपीसचा ढीग म्हणजे ताका संपताना उरलेले तुकडे, तीस सेंटीमीटरपासून मीटरभरापर्यंत, भाव निम्मे किंवा त्याहून कमी. तिथे बसायचं, खरंच खाली बसायचं, कारण स्टूल नाही, आणि एकेक तुकडा उलगडून काळ्या कपड्यावर टाकत बघायचं. ज्या रंगाला आपण ताक्यात हात लावला नसता तो तुकड्यात बरा वाटतो. मला अबोली असाच मिळाला. अबोलीचे वळेसर आपल्याकडे देवळाबाहेर रोज बघतो, पण तो रंग अंगावर घालावा असं कधी डोक्यात आलं नव्हतं, आणि काळ्यापाशी, गव्हाळ चेहऱ्यापाशी तो काय दिसतो, थकवा निघून जातो तोंडावरचा. एवढं होऊन तो तुकडा होता चाळीस रुपयांचा.

आता परकर. ही युक्ती काकांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीची, तिला पूर्ण श्रेय. माझी काळी शिफॉन पडून होती. ती म्हणाली, "मावशी, काळ्याखाली काळाच परकर कशाला, खाली राणी घाला ना." पातळ काळ्याखाली राणी किंवा डाळिंबी परकर घातला की चालताना निऱ्यांमधून रंग आतून येतो, उभं राहिलं की परत काळा. कोणी पटकन सांगू शकत नाही की साडीचा रंग नेमका कोणता. कॉटनचा परकर शिवून घेतला, रुबियाचाच, तयार परकर सॅटिनचे मिळतात ते घसरतात आणि घामाला वाईट. ही युक्ती जाड कॉटनच्या साडीला चालत नाही, तिथे परकर घोट्यापाशी बाहेर डोकावतो आणि चूक झाल्यासारखं वाटतं.

इंडिगो अजरखबद्दल, म्हणजे निळीत रंगवलेल्या ठशांच्या कापडाबद्दल, माझं मत लोकांना आवडणार नाही. सगळीकडे हल्ली काळ्यावर अजरख ओढणी घ्या म्हणतात. कच्छचं अजरख सुंदर आहे, मंजिष्ठेचा लाल असलेलं तर काळ्यावर राजेशाही दिसतं, पण जे जवळजवळ पूर्ण गडद निळं असतं ते काळ्याजवळ ठेवू नका. याला कारण आहे आणि ते दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. शेव्रल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ, आम्ही त्याला चरबी आणि साबणाच्या धड्यात शिकवायचो, हा १८२४ पासून पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथे भिंतीवरचे चित्रपडदे विणतात, रंगाईचा प्रमुख होता. तिथल्या विणकरांची तक्रार अशी की निळ्या-जांभळ्या कापडातल्या सावल्यांना दिलेला काळा कच्चा आहे, उठत नाही. त्याने तो काळा दुसऱ्या ठिकाणच्या काळ्यांशी ताडून बघितला तर रंगात काही खोट नव्हती, शेजारचा निळा-जांभळा त्या काळ्याला मळकट दाखवत होता. एका रंगाशेजारी दुसरा रंग ठेवला की डोळा दोघांनाही थोडा बदलून बघतो, हे त्याने त्यातून पुढे मांडलं, आणि माणूस १०२ वर्षं जगला, ते आपलं सहज. तर तुमचा काळा आधीच विटलेला असेल आणि त्यावर गडद निळं टाकलंत तर तो आणखी तपकिरी दिसणार. त्यात नैसर्गिक इंडिगो सुरुवातीला घासून घासून उतरतो, काळ्यावर कळत नाही पण मानेला आणि आतल्या पांढऱ्या कपड्यांना कळतं. निळाच हवा असेल तर फिरोजी घ्या किंवा चिंतामणी, उजळ असू दे.

कुणबी चौकडा हा गोव्यातल्या बाईने काळ्यावर घालण्यासारखा सगळ्यात हक्काचा रंग, असं मला वाटतं. लाल आणि पांढऱ्या चौकटींची ती कुणबी-गावडा बायकांची साडी, खांद्यावर गाठ मारून, गुडघ्यापाशी आखूड नेसलेली, आता शेतात कमी आणि स्टेजवरच जास्त दिसते. कोलवाळचे वेंडेल रॉड्रिक्स, २०२० मधे गेले, त्यांनी ती हातमागावर परत विणवून फॅशनच्या मंचावर नेली म्हणून आज तिचे स्टोल, कुडते, पिशव्या सगळं निघतं. मॅचिंगवाल्याकडे तो चौकडा मिळतो पण मशीनवरचा, आणि काका ते लपवत नाहीत. ब्लाऊजला आणि पट्टीला मशीनवरचा पुरतो. स्टोल घ्यायचा तर मात्र थोडे जास्त पैसे टाकून हातमागाचाच घ्या, आपलं विणकाम आहे, आणि खरंच पडतो वेगळा, मऊ. हातमागाचं लेबल बघा, काठ जवळून बघा, अगदी फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ एकसारखा असेल तर शंका घ्या. काळ्या कुडत्यावर हा लाल चौकडा जोरात दिसतो, ज्यांना जोर नकोय त्यांनी घडी अरुंद करून नुसती गळ्याभोवती घ्यावी.

ओढण्या तयार मिळतात पण मी अडीच मीटर मलमल कापून घेते आणि दोन्ही टोकांना पिको करून घेते, ते मऊ आणि स्वस्त. रंगात हवा तो मिळत नसेल तर काका पांढरी ओढणी डाय करून आणून देतात, आठवडा लागतो. याला एक अट, कापड प्युअर कॉटन किंवा सिल्क पाहिजे. पॉलिएस्टर रंगाऱ्याच्या पातेल्यात रंग घेत नाही, त्याला वेगळे रंग आणि बरंच जास्त तापमान लागतं, त्यामुळे तुमची पांढरी जॉर्जेट घेऊन गेलात तर काका आधी एक धागा ओढून काडीने पेटवून बघतील, गोळी झाली की परत देतील. मला हे बघून फार आनंद झाला, अकरावीचं प्रॅक्टिकल चाललंय असं वाटलं. डाय केलेल्या ओढणीचा रंग पहिली दोन-चार धुणी जातो, वेगळी धुवा. आणि मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो हे आपल्या आयांनी सांगितलेलं, काकाही सांगतात, त्यावर माझं आणि त्यांचं वाजलं. मीठ लागतं ते रंगवताना, रंग कापडात शिरावा म्हणून. एकदा रंगवून झालेल्या कापडाला मिठात बुडवून काही पक्कं होत नाही, सुटा रंग गार पाण्यात धुवून काढायचा एवढाच उपाय. काकांना पटलं नाही. चाळीस वर्षं मीठ सांगतायत ते.

काय चाललं नाही तेही लिहिते. लिंबू पिवळा, काळ्यावर तो रिक्षाची आठवण देतो, गोव्यात तर काळी-पिवळी म्हणजे टॅक्सीच. स्वच्छ पांढरा ब्लाऊज काळ्या साडीवर वकिलीणबाई, मोतिया घ्या, पांढऱ्या केसांना तो बरा. सोनेरी ब्रोकेड काळ्यावर लग्नात छान पण तोंड पिवळं पडतं ट्यूबलाईटखाली, तांबूस सोनेरी मिळाला तर बघा. आणि मोठी मोठी कलमकारी तोंडं असलेले ब्लाऊज, पाठीवर बुद्ध आणि बाहीवर बाई, हा प्रकार मला मुळातच झेपत नाही, पण कलमकारीची बारीक वेलबुट्टी, मोहरी आणि विटकरी, ती काळ्याला झकास.

आता कापलेला एक गुण. शुक्रवारी जाऊ नका, म्हणजे बाजार बघायला शुक्रवारीच जा, मयड्याची केळी घ्या, पण मॅचिंगला नाही, पेडणे-डिचोली-बार्देश सगळं लोटलेलं असतं, काकांना वेळ नाही आणि तुम्हाला दाराबाहेर ताका घेऊन उभं राहायला जागा नाही, मागून कोणाची तरी टोपली पाठीत बसते. गाडी घेऊन गेलात तर पार्किंगला तासभर फिराल. दुपारी एकनंतर शटर खाली, ते साडेतीनच्या पुढे कधीतरी वर, गोवा आहे. कापलेलं कापड परत घेत नाहीत, ते बरोबरच आहे म्हणा, पण आरसा सुद्धा नाही, एवढ्या रंगांच्या दुकानात आरसा नसावा हे मला अजून पचत नाही. तोंडाजवळ रंग धरून बघायचा तर मोबाईलचा सेल्फी कॅमेरा, आणि तो स्वतःच्या मर्जीने रंग बदलतो. मी हल्ली पर्समधे छोटा आरसा नेते. काकांना सांगून झालं, हसतात. बसायला जागा नाही, गुडघे दुखणारीने ढिगाशी बसायचं कसं. पैसे मोबाईलवरून घेतात पण आत नेटवर्क नाही, बाहेर येऊन पाठवायचे.

मॉल आणि ऑनलाईनबद्दल फार लिहीत नाही. आपल्या मापात मॉलमधे जे मिळतं ते बहुतेक काळं, नेव्ही आणि मरून, जणू बाई मोठ्या मापाची झाली की रंग बंद. ऑनलाईन मोरपिशी मागवला तर येतो तो कधी हिरवा कधी निळा, परत करा, मग दुसरा मागवा. रंगाच्या बाबतीत हाताने कापड धरून उन्हात बघण्याला पर्याय नाही. ऑनलाईन फक्त बटणं मागवा, लाकडाची, शिंपल्याची, काळ्या कुडत्याची काळी बटणं काढून ती लावली तरी गळा जागा होतो.

शिंप्याचं तेवढं सांभाळा. काका त्यांच्या शेजारच्या गाळ्यात पाठवतात, हात चांगला आहे, तारीख खोटी आहे. एकदा माझ्या पट्टीचा इकत आडवा लावायचा तो उभा लावला आणि वर म्हणाला उभाच शोभतो. त्यामुळे कापडावर खडूने बाण काढून द्या, आणि एक जुना अंगाला नीट बसणारा ब्लाऊज मापाला द्या, तोंडी माप देऊ नका. चवथीच्या आधी तर महिनाभर तो नवीन काम घेतच नाही, ज्यांना माटोळीखाली रंगीत ब्लाऊज घालायचाय त्यांनी कापड पाऊस सुरू होतानाच नेऊन टाका, आणि जाताना काळा कपडा बरोबर न्यायला विसरू नका, नाहीतर काका परत पाठवतील.